जुन्या ट्रान्समीटरमध्ये विमानाची लिपो बॅटरी घातली तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा हातातला ट्रान्समीटर (रिमोट) जुना, त्यातला ८ सेलचा ९.६ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक दोन तासांत मान टाकतो, आणि विमानाची ३ सेलची २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमता) लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, घरात पडून आहे. तीच आत बसवली तर ट्रान्समीटर जळेल का?

बहुधा नाही जळणार. लिपोच मरेल, आणि तीही तुमच्या नकळत. मी ट्रान्समीटरमध्ये ३ सेलची लिपो काही वर्षं वापरली, म्हणून सांगतो.

आधी व्होल्टचं बघू, कारण सगळे घाबरतात ते त्यालाच. पॅकवर ९.६ लिहिलेलं असलं तरी चार्जरवरून नुकतंच काढलेले ८ निकेल सेल ११ व्होल्टच्या वर दाखवतात. ३ सेलची भरलेली लिपो दाखवते १२.६. तुमच्या ट्रान्समीटरच्या माहितीपत्रकात ८ साधे अल्कलाइन सेलही चालतात असं लिहिलं असेल, तर विषय संपला, कारण कोरे ८ अल्कलाइन १२ व्होल्टच्या वरच असतात. आतला रेग्युलेटर जास्तीचा व्होल्टेज उष्णता करून टाकतो. समजा ट्रान्समीटर २०० मिलिअँपिअर खातो आणि रेग्युलेटर ५ व्होल्टचा आहे, तर ११.२ वर साधारण सव्वा वॅट आणि १२.६ वर दीड वॅट. फरक पाव वॅटचा. मात्र ट्रान्समीटर फक्त ४ सेलवर, म्हणजे ६ व्होल्टवर चालणारा असेल, तर २ सेलची लिपोसुद्धा घालू नका; ती भरलेली असताना ८.४ व्होल्ट देते.

आता खरी मेख. ट्रान्समीटरला आत कोणती बॅटरी आहे हे कळत नाही. ९.६ व्होल्टवाले बहुतेक ट्रान्समीटर ८.५ ते ९ व्होल्टच्या आसपास बोंब मारतात. निकेलसाठी ते ठीक आहे. ३ सेलच्या लिपोत ८.५ ला ३ नं भागा: सेलमागे २.८३ व्होल्ट. म्हणजे पहिली बीप ऐकू येईपर्यंत लिपोचं नुकसान झालेलं असतं. विमानात मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर वेळेवर मोटर बंद करून लिपो वाचवतो, ट्रान्समीटरमध्ये असं कोणी नसतं. (आणि नसलेलंच बरं, हवेत विमान असताना ट्रान्समीटर आपणहून बंद पडला तर काय होईल!) मेनूमध्ये अलार्म बदलता येत असेल तर १०.५ वर ठेवा. येत नसेल तर टायमर लावा: २२०० एमएएचमधले ८० टक्केच वापरायचे ठरवले तर २०० मिलिअँपिअरला पावणेनऊ तास मिळतात. मी ६ तासांनंतर बॅटरी बाहेर काढायचो.

माझी लिपो मात्र उडवताना मेली नाहीच. संध्याकाळी बॅगेत ठेवताना ट्रान्समीटरचं बटण चालू राहिलं. सकाळी मल्टिमीटर लावला तर तीन सेल मिळून ५ व्होल्ट, आणि पॅक उशीसारखा फुगलेला. निकेल पॅक असता तर तो पुन्हा चार्ज होऊन निमूट कामाला लागला असता. फुगलेली किंवा इतकी उतरलेली लिपो चार्ज करून बघायचा मोह आवरा.

दुसरी गोष्ट ट्रान्समीटरच्या मागच्या चार्जिंगच्या भोकाची. जुन्या ट्रान्समीटरसोबत येणारा भिंतीतला चार्जर नुसता करंट ढकलत राहतो, सेल ४.२ व्होल्टला पोचला म्हणून थांबत नाही. लिपोला तो लावणं म्हणजे आग लावायची तयारी. चांगला चार्जर त्याच भोकातून लावला तरी बॅलन्सची वायर (जिच्यातून चार्जर प्रत्येक सेल वेगळा बघून सारखा भरतो) आतच राहते, आणि कित्येक ट्रान्समीटरमध्ये वाटेत डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) असल्यामुळे चार्जरला बॅटरीचा व्होल्टेज नीट दिसतच नाही. बॅटरी दरवेळी बाहेर काढूनच चार्ज करा. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली होती, कारण घरात चार्जर लावणारा मी एकटा नव्हतो.

प्लग बदलणार असाल तर लाल-काळी वायर एकदम कापू नका. मी कापली आहे. डोळ्यांसमोर फट्कन ठिणगी, आणि कटरच्या पात्याला अर्धगोल खाच. ती अजून आहे. एक वायर कापा, तिला टेप गुंडाळा, मग दुसरी. ट्रान्समीटरच्या प्लगमध्ये कुठल्या बाजूला प्लस आहे हे रंगावरून ठरवू नका, जुन्या पॅकवर मल्टिमीटर लावून बघा. कंपनीगणिक हे उलटसुलट असतं. लाल वायरमध्ये २ अँपिअरचा फ्यूज टाका. ३०सीची (म्हणजे क्षमतेच्या ३० पट करंट देणारी) २२०० लिपो ६६ अँपिअरपर्यंत देऊ शकते आणि ट्रान्समीटरमधल्या बारीक वायरी तेवढ्यासाठी नसतात. जास्त सी रेटिंगचा इथे उपयोग शून्य, उलट वजन आणि जाडी वाढते. कप्प्याचं झाकण दाबून बसवावं लागत असेल तर ती बॅटरी त्या कप्प्याची नव्हे. लिपोच्या पिशवीला कवच नसतं.

मला विचाराल तर जुन्या ९.६ व्होल्टवाल्यात मी आता लिपो घालणार नाही. कमी सेल्फ-डिस्चार्जवाले निकेल सेल घेतो: महिनाभर पडून राहिले तरी चार्ज टिकतो, अलार्म जसाच्या तसा चालतो. फार तास हवे असतील तर ३ सेलची लायफे, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट: नॉमिनल ९.९ व्होल्ट, भरलेली १०.८. व्होल्टेज जुळतो, स्वभावानं लिपोपेक्षा थंड. फक्त चार्जरवर लायफेचाच मोड निवडा, लिपोचा नाही, आणि भोक तिच्यासाठीही बंदच. बटण रात्रभर चालू राहिलं तर मात्र तीही वाचणार नाही.

मॉडेल कोणतं आहे आणि मेनूत अलार्मचा आकडा बदलता येतो का, हे लिहिलंत तर पुढचं सांगतो.