थिअरी आधी की फील्ड आधी?

प्रश्न : ताई, मी एमए समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, बीड जिल्ह्यातला. डेझर्टेशनसाठी ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेतोय, बारा झाल्या. सर म्हणतात आधी थिअरीचं चॅप्टर लिहून आण. मित्र म्हणतात बारावर काय होतंय, शंभर जणींचा सर्व्हे कर. आणि कोडिंग म्हणजे नक्की काय करायचं तेच कळेना.

उत्तर : मित्रांचं आधी सोड. सर्व्हेत किती घरांनी मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (हंगामाआधीचे आगाऊ पैसे) घेतली ते कळेल, पण ती कोणाच्या हातात पडते आणि कोणाच्या राबण्यातून फिटते हे निवांत बसून बोलल्याशिवाय निघत नाही, तुझा प्रश्नच वेगळा आहे, व्हायव्हाला हेच ठणकावून सांग. आकडा आधी ठरवायचा नसतो. नव्या मुलाखतीतून नवं काही निघेनासं झालं की थांबायचं, आता ते बारालाच होईल असं नाही हं.

कोडिंगचं बघ, म्हणजे मुलाखतीतल्या एकेका बोलण्याला त्यात काय आहे ते सांगणारं छोटं नाव द्यायचं. समजा एखादी म्हणाली, "उचल नवऱ्यानं घेतली, मुकादमानं मला इचारलं बी न्हाई, पण फेडायला मी हायेच की फडात." इथे पोरं समासात 'शोषण' लिहून मोकळी होतात, मग अख्ख्या रिपोर्टभर शोषण शोषण आणि हाती काही नाही. त्यापेक्षा घडतंय काय ते लिही : 'उचल एकाने घेणं, दोघांनी फेडणं'. हा कोड घेऊन आधीच्या मुलाखती परत चाळ, कुठे जुळतं कुठे अडतं बघ. लगेच पुढचा प्रश्न येतो, नवरा वारलेल्या बाईला मुकादम उचल देतो का, कोणाच्या भरवशावर देतो? मग तशी बाई शोध, तेरावी मुलाखत तिची. ग्लेसर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली ग्राउंडेड थिअरी, म्हणजे फील्डवरच्या माहितीतूनच थिअरी उभी करायची पद्धत, मांडली ती साधारण अशीच, कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांत मरणाला टेकलेल्या पेशंटला आणि स्टाफला कोणाला काय माहीत असतं हे बघता बघता.

म्हणून सर चुकले असं मात्र नाही. कोरं डोकं घेऊन कोणी फील्डवर जात नाही, तू मुकादमाला सोडून बायकांशी बोलायचं ठरवलंस त्यातच थोडी थिअरी आली. बायकांच्या बिनपगारी कामावर स्त्रीवाद्यांनी काय लिहिलंय ते वाच, दहाएक पानं कच्ची लिहून सरांना दाखव, आणि कोडिंग झाल्यावर ती बिनधास्त मोडून परत लिही.

मेथडची जाडी पुस्तकं डोक्यावरून जात असतील तर समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास वाच, इंग्रजी सोपं आहे. मुंबईत समाजशास्त्राचे प्राध्यापक घुर्यांकडे शिकलेला माणूस, १९४८ साली म्हैसूरजवळच्या रामपुरात जाऊन राहिला, पुढे १९७० मध्ये स्टॅनफर्डला आग लागून त्यांच्या तयार केलेल्या नोट्स जळाल्या, तरी आठवणीवर भिस्त ठेवून १९७६ ला 'द रिमेंबर्ड व्हिलेज' काढलं. आपली मेमरी तेवढी नाही बाबा, नोट्स त्याच रात्री लिही आणि दोन ठिकाणी ठेव.

शेवटचं, मुकादम आसपास असताना रेकॉर्डर काढूच नको, बाई बोलेल ते त्याला ऐकवण्यापुरतंच. जमलं तर हंगाम संपून टोळी गावी आल्यावर भेट. नुसतं नाव बदलूनही भागत नाही, 'तीन पोरींची आई, नवरा वारलेला' एवढं वाचलं तरी गाव ओळखतं, म्हणून कारखाना, टोळी, पोरांची संख्या हेही बदलून टाक, आणि बदललंय असं रिपोर्टात लिही.