वाचक विचारतात : 'द पॅशन ऑफ द ख्राईस्ट'

मेल गिब्सन यांचा हा चित्रपट 25 फेब्रुवारी 2004 रोजी, राखेच्या बुधवारी (ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी), प्रदर्शित झाला. येशूच्या अखेरच्या बारा तासांवरच्या या चित्रपटाचा वाद अजून शमलेला नाही. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही घेतले आहेत.

प्रश्न : चित्रपटातले सगळे प्रसंग बायबलमध्ये आहेत का? मला काही सापडले नाहीत.

सापडणार नाहीत, कारण ते तिथे नाहीत. सांगाडा चार शुभवर्तमानांचा, म्हणजे मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या नावाने बायबलमध्ये असलेल्या येशूच्या चरित्रांचा आहे, पण मांस बरेचसे दुसरीकडून आले आहे. अटक झालेला येशू साखळदंडांसह पुलावरून खाली फेकला जातो, रोमी सुभेदार पिलात याची बायको येशूची आई मरिया हिला स्वच्छ कापड आणून देते, हे प्रसंग ॲन कॅथरिन एमेरिक या जर्मन जोगिणीच्या दृष्टान्तांतले. ती 1824 मध्ये वारली आणि क्लेमेन्स ब्रेंटानो या कवीने तिच्या नावावर 1833 मध्ये पुस्तक काढले. त्यात तिचे किती आणि कवीचे किती, हा घोळ एवढा मोठा, की 2004 मध्येच तिला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करताना चर्चने हे लिखाण बाजूला ठेवले.

वेरोनिकाने येशूचा चेहरा पुसणे आणि वाटेत तीनदा पडणे हे क्रूसाच्या वाटेच्या चौदा स्थानांतून, म्हणजे येशूचा क्रूसापर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने आठवण्याच्या भक्तिप्रकारातून आले. म्हणजे परंपरेतून, शुभवर्तमानांतून नव्हे. येशूला अटक झाली त्या गेथशेमाने बागेतला सैतान, त्याला पकडून देणाऱ्या यहूदा या शिष्याच्या मागे लागलेली मुले, शेजारच्या क्रूसावरच्या चोराचा डोळा टोचणारा कावळा ही पटकथेची भर. मंदिराचा पडदा फाटल्याचे मत्तय, मार्क व लूक सांगतात. चित्रपटात मंदिराची जमीनच दुभंगते.

ताडून पाहायचे असेल तर मत्तय 26–27, मार्क 14–15, लूक 22–23 आणि योहान 18–19 आधी वाचा. आठच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. चौघांचे तपशील एकमेकांत मिसळू नका. चित्रपटाने नेमके तेच केले आहे आणि प्रेक्षकाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : चित्रपट यहुदीविरोधी असल्याचा आरोप खरा आहे का? मूळ कथेतच तसे असेल तर दिग्दर्शकाचा काय दोष?

मूळ कथेत काय आहे यापेक्षा चौघांपैकी कोणाचे काय उचलले, हे पाहावे लागते. 'त्याचे रक्त आम्हांवर व आमच्या मुलाबाळांवर असो' हे जमावाचे वाक्य फक्त मत्तयात आहे (27:25). याच वाक्याच्या आधाराने यहुद्यांवर शतकानुशतके अत्याचार झाले. विरोधानंतर गिब्सन यांनी त्याचे उपशीर्षक काढले, पण अरामी भाषेतला आवाज तसाच ठेवला. आमच्या मते ही पळवाट होती.

त्याहून गंभीर गोष्ट पिलाताची. चित्रपटातला पिलात विचारी, हतबल, जवळजवळ सज्जन आहे. फिलो आणि जोसेफस या पहिल्या शतकातल्या यहुदी लेखकांच्या लिखाणातला पिलात मात्र कठोर अधिकारी आहे. लूक 13:1 मध्येही त्याने गालीलकरांचे रक्त सांडल्याचा उल्लेख येतो. शिवाय प्रमुख याजक कयफा रोमी सुभेदाराच्या मर्जीवर पदावर होता. त्याने सुभेदाराला कोंडीत पकडावे, हे चित्र सत्तेची उतरंड उलटी करते.

कॅथलिक चर्चची भूमिकाही लक्षात घ्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) 28 ऑक्टोबर 1965 रोजी स्पष्ट केले, की येशूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही. दुःखसहनाची नाटके कशी बसवावीत यासाठी अमेरिकेतील बिशपांनी 1988 मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या होत्या. त्यांच्या कसोटीवर चित्रपट बऱ्याच ठिकाणी घसरतो. दुसरी बाजूही आहे : यहुद्यांच्या न्यायसभेत येशूवरील खटल्याला विरोध करणारे याजक दिसतात आणि क्रूस उचलणाऱ्या शिमोनाला रोमी शिपाई तुच्छतेने 'यहुदी' म्हणून हिणवतो. पण एवढ्याने तोल साधत नाही.

प्रश्न : उपवासकाळात युवक गटाला दाखवायचा विचार आहे. फटक्यांचा प्रसंग सोसवेल का?

अमेरिकेत त्याला 'आर' दर्जा मिळाला, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना सोबत पालक हवा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना सलग दाखवू नका. मार्च 2005 मध्ये सुमारे पाच मिनिटे कापलेली आवृत्ती आली, पण तीही सौम्य नाही.

फटक्यांचा प्रसंग शुभवर्तमानांत जेमतेम एका वाक्याचा, पडद्यावर तो कितीतरी मिनिटे चालतो. आधी छड्या, मग आकडे लावलेले चाबूक. तो वगळायचा असेल तर पिलात फटक्यांचा हुकूम देतो तिथे थांबा आणि तो येशूला पुन्हा लोकांपुढे उभा करतो तिथून सुरू करा. कथेचा धागा तुटत नाही. सुरू झालेला प्रसंग मध्येच बंद करणे जास्त वाईट. मुले उरलेले मनाने रंगवतात. मत्तय आणि मार्क यांत फटके क्रूसाची शिक्षा ठरल्यावर येतात, योहानात त्याआधी. चित्रपट योहानाचा क्रम घेतो, त्यामुळे पिलात येशूला वाचवण्यासाठीच फटके मारवतो असे वाटते. गटचर्चेला हा मुद्दा घ्या.

लांबी दोन तास सात मिनिटांच्या आसपास. संवाद अरामी, हिब्रू आणि लॅटिन असल्याने सगळे उपशीर्षकांवर अवलंबून, तेव्हा शेवटच्या रांगेतून ती वाचता येतात का हे आदल्या दिवशीच पाहा.

प्रश्न : त्या काळी लोक खरेच लॅटिन बोलत होते?

शिपाई आणि अधिकारी आपसांत, काही प्रमाणात. पण रोमी साम्राज्याच्या पूर्व भागात परक्याशी व्यवहाराची भाषा ग्रीक होती आणि ती चित्रपटात नाहीच. पिलात आणि येशू यांचे लॅटिन संभाषण म्हणूनच अभ्यासकांना खटकते. योहान 19:20 प्रमाणे क्रूसावरची पाटी हिब्रू, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत होती. चित्रपटातल्या पाटीवरही ग्रीक गायब आहे.

प्रश्न : खिळे तळहातात की मनगटात?

चित्रपटात तळहातात. पुराव्याने सांगता येते ते पायाबद्दल : 1968 मध्ये जेरुसलेमजवळ एका थडग्यात क्रूसावर दिलेल्या माणसाच्या टाचेच्या हाडात आडवा घुसलेला, सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा खिळा मिळाला. त्या माणसाच्या हातांच्या हाडांवर खिळ्याची खूण आढळली नाही, त्यामुळे त्याचे हात दोरीने बांधले असावेत असे पुढच्या तपासणीत मानले गेले.