'हरम' म्हणजे जनानखानाच का?

प्रश्न असा आला आहे: कैरोतल्या एका जुन्या घराच्या नकाशात वरच्या मजल्यावर 'हरीम' लिहिलंय, मक्केच्या मशिदीच्या परिसरालाही 'हरम' म्हणतात, आणि आपल्याकडे 'हराम' म्हणजे निषिद्ध. हे शब्द एकाच मुळातले का? आणि 'हरीम'ला मराठीत 'जनानखाना' म्हणावं का?

मूळ एकच, अरबी ह-र-म. अर्थ: राखून ठेवलेलं, कुणीही यावं आणि हात लावावा असं नसलेलं. आपल्या सोवळ्यात पावित्र्य आणि मनाई जशी एकत्र असतात, तशीच इथेही. हाजींचा एहराम, म्हणजे यात्रेतली पवित्र अवस्था आणि तिचा वेश, युद्धाला मनाई असलेल्या चार महिन्यांपैकी मोहरम, हे सगळे याच घरातले. मराठीत 'हराम' आला तो फक्त मनाई घेऊन. मानाची बाजू जुन्या मराठीतल्या 'हुरमत'मध्ये, म्हणजे अब्रूमध्ये राहिली.

आता 'जनानखाना'. फारसी 'जन' म्हणजे बाई, त्यामुळे हा शब्द फक्त 'बायकांची जागा' एवढंच सांगतो. 'हरीम'मध्ये मात्र बाई हा शब्दच नाही. ज्यांच्याशी लग्न होऊ शकत नाही असे नातलग, म्हणजे बाप, भाऊ, मुलगा, त्यांना 'महरम' म्हणतात (पुन्हा तेच मूळ!) आणि ते हरीममध्ये बिनदिक्कत जातात. अडवला जातो तो परका पुरुष. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जुनी शहरं याच हिशोबाने बांधली गेली.

कैरोच्या दर्ब अल-अस्फर गल्लीतलं बैत अल-सुहैमी हे जुनं घर पाहा. त्याचा सर्वांत जुना भाग १६४८चा. दारातून शिरलं की वाट सरळ चौकात जात नाही, वळण घेते. दार सताड उघडं असलं तरी रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. पाहुण्यांच्या बैठका खाली, हरीम वर, आणि वरच्या खिडक्यांना कातीव लाकडाची जाळी: मशरबिया. आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतलं माणूस दिसत नाही. हा शब्द 'पिणे' या अर्थाच्या श-र-ब मुळाशी जोडतात, कारण जाळीत पाण्याची मडकी गार व्हायला ठेवत. आपलं सरबतही तिथलंच.

गल्लीचाही हिशोब तोच. आरपार न जाणारी गल्ली तिथल्या रहिवाशांची सामाईक मानत, आणि त्यात नवं दार काढायला शेजाऱ्यांची संमती लागे. समोरासमोर दारं नकोत, खिडकीतून दुसऱ्याच्या अंगणात नजर जायला नको, असे वाद काझीपुढे जात. रस्ता सगळ्यांचा, घर घरच्यांचं, आणि मध्ये ही बोळ.

म्हणून बायका घरातच कोंडलेल्या होत्या असं मात्र समजू नये. १३३६मध्ये वारलेल्या इब्न अल-हाज्ज या कैरोतल्या धर्मशास्त्र्याने बायका बाजारात फिरतात, दुकानांत बसतात, कबरस्तानात जातात म्हणून जोरदार तक्रार केली आहे. एवढी तक्रार केली, म्हणजे त्या जात होत्याच! हमामातही, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरातही, बायकांच्या वेळा वेगळ्या ठरलेल्या असत.

'हरीम' बायकांशीच बांधलेला नाही याचा आणखी पक्का पुरावा विहिरीचा. इस्लामी कायद्यात विहिरीलाही हरीम असतो: तिच्याभोवतीची राखीव जमीन, जिथे दुसऱ्याने खणायचं नाही. आणि आजच्या इराणात खासगीपणाला 'हरीम-ए-खुसूसी' म्हणतात.

तेव्हा मुघल महालाबद्दल लिहिताना 'जनानखाना' खुशाल लिहा, तिथे तो रुळलेला आहे. कैरोच्या घराला मात्र मी 'माजघर' म्हणेन. आपल्या वाड्यातही परका ओसरीपर्यंतच येई आणि माजघरात घरचेच जात, पुरुषसुद्धा. मजला वेगळा आहे खरा, पण उंबरठा तोच.