हिरव्या पट्टीवरची निळी नावं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या पेडणे तालुक्यातल्या जत्रांमधले दशावतारी काले मी आणि माझा धाकटा भाऊ गेली बरीच वर्षं रेकॉर्ड करतो. जुन्या कॅसेटीही संगणकावर उतरवून घेतल्यात. लॅपटॉपवर उबंटू (लिनक्स) आहे आणि टर्मिनलमध्ये ‘एलएस’ करून यादी बघायची सवय लागली आहे. लॅपटॉपवरचे फोल्डर निळे दिसतात, ते ठीक. पण विंडोजवर फॉरमॅट केलेली जुनी हार्ड डिस्क जोडली की फोल्डरांची नावं हिरव्या पट्टीवर निळ्या अक्षरांत येतात, धड वाचता येत नाहीत. फाइली तर झाडून सगळ्या हिरव्या. डिस्क बिघडली का? आणि रंग आपल्या मनासारखे करता येतात का? भावाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, तेव्हा त्याच्याही सोयीचं सांगा.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : डिस्क बिघडलेली नाही, भाऊ, निर्धास्त राहा. पण रंग बदलायची घाई करण्याआधी ती हिरवी पट्टी काय सांगते आहे ते ऐकून घ्या.

डिस्कवर जाऊन ‘एलएस -एल’ करा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दहा अक्षरं दिसतील. पहिलं अक्षर ‘डी’ असेल तर तो फोल्डर. पुढची नऊ तीन-तीनच्या गटांत वाचायची : पहिले तीन मालकाचे हक्क, मधले तीन त्याच्या गटाचे, शेवटचे तीन इतर सगळ्यांचे. ‘आर’ म्हणजे वाचता येतं, ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिता येतं, ‘एक्स’ म्हणजे फाइल चालवता येते किंवा फोल्डरात शिरता येतं. शेवटच्या गटात ‘डब्ल्यू’ दिसला, म्हणजे या फोल्डरात कोणीही काहीही ठेवू शकतो, कोणीही पुसू शकतो. हिरव्या पट्टीचा अर्थ तेवढाच.

विंडोजची एनटीएफएस डिस्क हक्कांची नोंद वेगळ्या तऱ्हेनं ठेवते. उबंटूवर ती नेहमीच्या पद्धतीनं जोडली की सगळ्या वस्तू सगळ्यांना खुल्या, म्हणजे ७७७, अशा दिसतात. फाइलींनाही ‘एक्स’ चिकटतो, म्हणून ‘एलएस’ त्यांना चालवायचे प्रोग्राम समजून हिरवं रंगवतं. तुमच्या डिस्कवर याची चिंता नको. पण लॅपटॉपवरच्या तुमच्याच एखाद्या फोल्डराला ही पट्टी दिसली तर लगेच ‘सीएचएमओडी ओ-डब्ल्यू’ आणि फोल्डरचं नाव देऊन तो हक्क काढून घ्या. इतक्या वर्षांचे काले आहेत तुमच्याकडे. (‘टीएमपी’ हा फोल्डर हिरव्यावर काळ्या अक्षरांत दिसतो, तो तसाच असायचा. तिथे सगळे लिहितात, पण एकमेकांचं पुसू शकत नाहीत.)

आता रंग. इथे सगळं देवनागरीत छापतो, पण टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजी घ्या. आधी रंगांची मूळ यादी आपल्या घरच्या फोल्डरात उतरवायची :

डीआयआरकलर्स -पी > ~/.डीआयआरकलर्स

नावाआधीचा टिंब विसरू नका. ही फाइल नॅनो या टर्मिनलमधल्या संपादकात उघडा. वरच्या भागात ‘टर्म’नं सुरू होणाऱ्या पुष्कळ ओळी आहेत, त्यांना हात लावायचा नाही. कोणत्या टर्मिनलवर रंग दाखवायचे ते त्यांवरून ठरतं. खाली ‘डीआयआर ०१;३४’ अशी ओळ सापडेल. ०१ म्हणजे ठळक, ३४ म्हणजे निळा. ३० काळा, ३१ लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा, ३४ निळा, ३५ जांभळा, ३६ आकाशी, ३७ पांढरा. दहा मिळवले की तोच रंग अक्षरामागच्या पट्टीला : ४२ म्हणजे हिरवी पट्टी. ०४ ची रेघ नावाखाली येते. तुम्हाला छळणारी ओळ ‘अदर_रायटेबल ३४;४२’ ही आहे.

ती ओळ ‘००’ करून टाका असं पुष्कळजण सांगतात. मग हे फोल्डर इतर फोल्डरांसारखेच दिसतात. मी तसं सांगणार नाही, कारण लॅपटॉपवरची सूचनाही त्याबरोबर जाते. सूचना राहू दे, ती वाचता आली पाहिजे एवढंच.

रंग कोणते घ्यावेत ते तुमच्या भावाला समोर बसवून ठरवा. म्हापशाला मी संगणकाचे वर्ग घेत असे तेव्हाची गोष्ट. एका मुलाला मी म्हटलं, “लाल नावाच्या झिप फाइली काढून टाक.” त्यानं लाल काढल्या, सोबत हिरव्या नावाचा स्वतः लिहिलेला प्रोग्रामही काढला. त्याला दोन्ही एकाच मातकट रंगाचे दिसत होते आणि हे त्यानं तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. तो चार दिवस वर्गाला आला नाही. त्यानंतर नुसत्या रंगाच्या भरवशावर मी कोणालाच काही काढायला सांगितलेलं नाही.

लाल-हिरव्यात घोटाळा होतो त्यांना जांभळा आणि निळाही पुष्कळदा सारखाच भासतो. आणि मूळ यादीत फोल्डर निळे, फोटो जांभळे! म्हणून तुमच्यासाठी मी असं लिहिलं असतं :

डीआयआर ०१;३३
अदर_रायटेबल ०१;३३;४४
.डब्ल्यूएव्ही ०१;३६
.एमपी३ ००;३६
.जेपीजी ०४;३७

फोल्डर पिवळे. सगळ्यांना खुला असलेला फोल्डर पिवळाच, पण निळ्या पट्टीवर. कॅसेटीवरून उतरवलेलं मूळ रेकॉर्डिंग ठळक आकाशी, त्याची वाटायला केलेली एमपी३ प्रत त्याच रंगात पण बारीक. जत्रांच्या फोटोंना खाली रेघ, म्हणजे भावाला रंग ओळखायची गरजच पडत नाही. या सगळ्या ओळी यादीत आधीपासून आहेत, त्याच बदला. दुसऱ्यांदा लिहू नका.

एवढं करूनही डिस्कवरच्या फाइली हिरव्याच राहतील. फाइलीला ‘एक्स’ असला की ‘एलएस’ तिथेच थांबतं, .एमपी३ वगैरे शेपूट बघतच नाही. त्यासाठी ‘एक्झेक ०१;३२’ ही ओळ ‘एक्झेक ००’ करा. प्रोग्रामांचा वेगळा रंग जाईल, पण तुमच्या कामात त्याचं काही अडत नाही.

फाइल सेव्ह करून नवं टर्मिनल उघडा. उबंटूच्या .बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) आपली ही रंगांची फाइल असेल तर ती वाचावी असं आधीच लिहून ठेवलेलं असतं. शिवाय भावाला ‘एलएस -पी’ शिकवा. त्यात प्रत्येक फोल्डराच्या नावापुढे तिरकी रेघ येते. ‘-एफ’ तुमच्या डिस्कवर नको, तो सगळ्या फाइलींना फुली लावत बसेल.

आणि पिवळा किती पिवळा, हे या आकड्यांत नसतं. आकडा नुसतं ‘पिवळा’ म्हणतो, छटा टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमधल्या रंगपेटीतून येते. मी दुपारी सोप्यावर बसून काम करते, तिथे उजेडात काळ्या पडद्यावरचा निळा अजिबात दिसत नाही. मी तिथे निळाच फिकट करून घेतला आहे, बाकी कुठे काही बदललं नाही.

प्रश्न : मॅडम, माझ्याकडे मॅक आहे. त्यावर डीआयआरकलर्स नाहीच म्हणतो. रंग कसे आणायचे? शिवाय कॉलेजच्या लिनक्स मशीनवर यादी फाइलीत साठवली तर नावांच्या आगेमागे चौकटी कंस आणि आकडे येतात.
— एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : मॅकची ‘एलएस’ वेगळ्या घराण्यातली, बीएसडीची. घरच्या फोल्डरातल्या .झेडएसएचआरसी या फाइलीत ‘एक्सपोर्ट सीएलआयकलर=१’ लिही (नाव मोठ्या अक्षरांत), रंग येतील. ते बदलायचे तर ‘एलएसकलर्स’मध्ये (या नावात अंडरस्कोर नाही) बावीस अक्षरं द्यायची, अकरा जोड्या. पहिली जोडी फोल्डरांची : मुळात ‘ईएक्स’, म्हणजे निळं अक्षर आणि पट्टी जशी असेल तशी. ‘ई’च्या जागी मोठा ‘जी’ घातलास की ठळक आकाशी. शेपटीवरून फाइलींना रंग द्यायची सोय त्यात नाही. ती हवीच असेल तर होमब्रूवरून (मॅकवर प्रोग्राम बसवायचं साधन) कोअरयुटिल्स हा संच घे. त्यातली ‘जीएलएस’ ही लिनक्सवालीच आहे.

कॉलेजच्या मशीनवर कोणीतरी ‘--कलर=ऑलवेज’ लिहून ठेवलं आहे. त्यामुळे रंगांचे आकडे फाइलीतही जातात. तिथे ‘ऑटो’ कर, म्हणजे रंग पडद्यावर दिसतील आणि फाइलीत नुसती नावं जातील. साठवलेल्या याद्या मात्र पुन्हा काढ.