रविवारी लॅबला जाणारी मुलगी

धायरीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते भोसरीच्या कारखान्यातून पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मुलगी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे मॉलिक्युलर आणि सेल बायोलॉजीत पीएचडी करायची म्हणते. डिसर्टेशनसाठी ती एका लॅबमध्ये जाते. तीन महिन्यांत तिच्या पेशी चारदा मेल्या, घरी येऊन रडते. ते विचारतात: तिला हे जमणार नाही असं समजायचं का? पाच-सहा वर्षं घालवून हाती काय लागेल? आणि लग्नाचं काय, नातेवाईक विचारतात.

काका, नमस्कार.

पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय, की ती रविवारीही सकाळी पीएमपीनं लॅबला जाते, कारण पेशींचं मीडियम, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो पोषक द्रव, बदलायचं असतं. माझ्या दृष्टीनं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. चारदा पेशी मेल्यावरही जी रविवारी बस पकडते, तिच्या कुवतीची काळजी करू नका.

पेशी मरणं म्हणजे काय, ते जरा सांगतो, म्हणजे तिचं रडणं तुम्हाला कळेल. माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशी बाटलीत वाढवतात तेव्हा त्यांना ३७ अंश तापमान लागतं, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो आणि दोन-तीन दिवसांनी ताजं मीडियम लागतं. हे मीडियम लालसर गुलाबी असतं. सकाळी इनक्युबेटर उघडावा आणि ते पिवळं, गढूळ दिसावं, म्हणजे रात्रीत जिवाणू शिरले आणि आठवड्यांची मेहनत ब्लीचमध्ये ओतायची. हे निदान दिसतं तरी. मायकोप्लाझ्मा नावाचा अगदी छोटा जिवाणू शिरला तर मीडियम स्वच्छ दिसतं, साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही काही कळत नाही. त्याला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलीनचा त्याच्यावर उपयोग नाही. पेशी मात्र मंदावतात आणि प्रयोगाचे आकडे भरवशाचे राहत नाहीत.

म्हणून तिला सांगा, स्वतःच्या हाताला दोष देण्याआधी मायकोप्लाझ्माची पीसीआर तपासणी, म्हणजे त्याचा डीएनए शोधणारी चाचणी, करून घे. दूषित निघालं तर नवी पेशीमालिका (लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या एकाच प्रकारच्या पेशी) मागवावी. पुणे विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, आपण ज्याला एनसीसीएस म्हणतो, देशभरच्या लॅबना अशा पेशी पुरवतं. आणि चांगल्या पेशी हातात आल्या की पहिल्याच आठवड्यात चार-पाच व्हायल, म्हणजे छोट्या कुप्या, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायच्या. हा धडा बहुतेकांना पेशी गमावल्यावरच मिळतो.

आता पीएचडीचं. पुण्यात राहून हे संशोधन करायला जागा आहेत, हे तिचं नशीब. एनसीसीएस आहे, पाषाणला आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था) आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), शिवाय आघारकर संशोधन संस्था, विषाणूंकडे ओढ असेल तर एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. पण संस्थेच्या नावावर जाऊ नका. ही चूक मी स्वतः केली होती. नाव मोठं म्हणून गेलो, आणि तिथे आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली हे कुणालाच विचारलं नाही. साडेसात वर्षं लागली. त्यातली दोन वर्षं, जो प्रश्न सोडून द्यायला हवा होता त्याच्यामागे गेली, कारण गाइडशी तेवढं मोकळं बोलताच येत नव्हतं. म्हणून तिने गाइडच्या खोलीत नाही, कँटीनमध्ये चौकशी करावी: मागचे तीन विद्यार्थी किती वर्षांत सुटले, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, प्रयोग फसला तर सर किंवा मॅडम काय म्हणतात.

पैशांचं स्पष्ट सांगतो. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेत जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, झाली की ४२,०००, शिवाय घरभाडे भत्ता. जानेवारी २०२३ पासूनचे हे दर आहेत. पण फेलोशिप एकूण पाच वर्षांची असते, आणि या विषयात काम सहाव्या वर्षात सहज जातं. पैसे कधी कधी महिनोन्‌महिने उशिरा येतात, तेव्हा थोडी शिल्लक बाजूला असू द्या. शिवाय नेटमध्ये आता नुसती पीएचडी प्रवेशाची पात्रताही मिळते, तिच्याबरोबर फेलोशिप येत नाही. निकाल बघताना हा फरक लक्षात असू द्या.

पुढे काय? प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत, आणि त्या आधी बहुतेकांना पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं काही वर्षांचं तात्पुरतं संशोधन, करावा लागतो. हडपसर-हिंजवडीच्या लस आणि औषध कंपन्यांत गुणवत्ता तपासणीच्या बऱ्याच कामांना एम.एस्सी.च पुरते. फक्त चांगल्या पगारासाठी पीएचडी करायची असेल, तर माझं मत नको असं आहे. स्वतःचा प्रश्न स्वतः मांडून शोधायचा असेल, तर त्याला दुसरा रस्ता मला ठाऊक नाही.

तिचं मन अजून पक्कं नसेल, तर एम.एस्सी. झाल्यावर सहा महिने-वर्षभर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करू द्या. पगार बेताचा असतो, पण लॅबचा स्वभाव आणि स्वतःचा स्वभाव दोन्ही कळतात. नेटची तयारीही त्यातच होते.

लग्नाबद्दल तुम्ही संकोचून लिहिलंय. दुर्गा भागवतांची धाकटी बहीण कमला, पुढच्या कमला सोहोनी, यांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतीच्या पेशींत सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनातलं प्रथिन दाखवलं आणि १९३९ साली केंब्रिजची पीएचडी मिळवली. लग्न झालं १९४७ साली. नातेवाईकांनी विचारलं तर हे सांगायला हरकत नाही. पीएचडी चालू असताना लग्न केलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. फक्त प्रयोगाचा ठरलेल्या वेळचा नमुना, ज्याला टाइम-पॉइंट म्हणतात, तो घ्यायला रात्री अकरालाही जावं लागतं, हे समोरच्या घराला आधी सांगून ठेवायचं. ज्यांनी सांगितलं नाही, त्यांचेच हाल झाले.

या रविवारी तुम्हीच तिला स्कूटरवर सोडा. कल्चर रूममध्ये बाहेरच्यांना जाऊ देत नाहीत, पण दाराला काच असेल तर तिथून बघा ती काय करते ते. आणि पीसीआरचा निकाल काय आला, मला नक्की कळवा.