वर्गणी की खरेदी?

प्रिय,

पहिल्या पगाराचं अभिनंदन. आणि तो खात्यात पडून आठवडा व्हायच्या आत त्यातले १२० डॉलर अजून बनत असलेल्या एका ऑनलाइन गेमवर घालवण्याआधी विचारलंस, त्याबद्दल वेगळं. मी तुझ्या वयाचा असताना कुणालाच विचारलं नव्हतं.

"काका, टीम भारी आहे, ट्रेलर तर कमाल आहे," असं लिहिलं आहेस. ट्रेलरचं सोड. बांधकाम सुरू व्हायच्या आधी रस्त्याकडेला होर्डिंग लागतं ना, हिरवळ, तलाव, सायकलवरची गुटगुटीत पोरं, तसलाच तो प्रकार. तुझ्या बाबांनी फ्लॅट बुक केला तेव्हा त्यांना महारेराचा नोंदणी क्रमांक तरी तपासता आला. इथे तसलं काही नाही. किकस्टार्टर, म्हणजे न बनलेल्या गोष्टींसाठी लोकांकडून आधीच पैसे जमवायची साइट, स्वतःच सांगते की आम्ही दुकान नव्हे. ठरलेली रक्कम जमली तरच कार्डावरून पैसे कापले जातात, एवढी एक चांगली सोय तिथे आहे. तू ज्या 'फाउंडर पॅक'चा, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरणाऱ्यांसाठीच्या पॅकचा, फोटो पाठवलास तो मात्र कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा आहे. तिथे तीही सोय नाही, भरले की पैसे लगेच जातात.

आपल्याकडे पूर्वी मोठी पुस्तकं, कोश प्रकाशनपूर्व नोंदणीवर निघायचे. माझ्या आजोबांनी असे पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली मला आठवते. पण पुस्तक एकदा हाती आलं की आलं, प्रकाशक बुडाला तरी ते कपाटात राहतं. ऑनलाइन मल्टीप्लेअर गेमचं तसं नसतं. तुझ्या कॉम्प्युटरवर उतरतो तो फक्त क्लायंट, त्या जगात शिरायचं दार. जग त्यांच्या सर्व्हरवर, आणि त्या सर्व्हरचं बिल दर महिन्याला येणार.

क्रोफॉल या ऑनलाइन गेमचं उदाहरण घे. मी ते मुद्दाम सांगतो, कारण ती माणसं अडाणी नव्हती, लबाडही नव्हती. जुने, मुरलेले डिझायनर. २०१५ मध्ये किकस्टार्टरवर ८ लाख डॉलर मागितले, १७ लाखांच्या वर मिळाले. गेम खरोखर बाहेर आला, ६ जुलै २०२१ ला. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हर बंद. सहा वर्षं वाट पाहून सोळा महिने खेळायला मिळाले. यात फसवणूक कुणी केली नाही. माणसं पुरेशी आली नाहीत, एवढंच. अशा गेममध्ये रिकामं मैदान म्हणजे गेमच नाही. त्यामुळे 'हे लोक गेम पुरा करतील का' एवढं विचारून भागत नाही. तो सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात रात्री अकराला तिथे कोण असेल, हेही विचार.

आता पैशांचं गणित, तुझ्या आवडीचं. समज, तीस माणसांची टीम आहे आणि एका माणसावर महिन्याला ८,००० डॉलर खर्च होतो. अमेरिकेत हा आकडा काही फार नाही. महिन्याला झाले २ लाख ४० हजार. कॅमलॉट अनचेन्ड या गेमने २०१३ मध्ये २२ लाख डॉलर जमवले, तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! या हिशेबाने ते नऊ महिनेच पुरतात. गेम २०१५ च्या डिसेंबरात द्यायचा होता. बीटाचा, म्हणजे खेळाडूंकडून करून घ्यायच्या चाचणीचा, पहिला टप्पा सुरू व्हायलाच २०१८ चा जुलै उजाडला. म्हणून जमलेल्या रकमेवर भाळू नकोस. गेम खरा कुणाच्या पैशावर बनतोय ते शोध: गुंतवणूकदार आहे का, मालकाने स्वतःचं काही घातलंय का, की आपल्याच वर्गण्यांवर सगळं चाललंय?

वर्गण्यांवरच चालत असेल तर पुढे काय होतं, ते सांगतो. पैसे संपत येतात, मग नवं काहीतरी विकायला काढावं लागतं. क्रॉनिकल्स ऑफ एलिरिया या गेमने अजून न बनलेल्या राज्यातल्या पदव्या आणि जमिनी विकल्या. किकस्टार्टरवर साडेतेरा लाख डॉलर, नंतर स्वतःच्या दुकानातून त्याच्या कितीतरी पट. मार्च २०२० मध्ये पैसे संपल्याचं आणि लोकांना कामावरून काढल्याचं जाहीर झालं. सरदार होते, जहागीर नव्हती. स्टार सिटिझनची गोष्ट उलटी. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर २१ लाख, गेम २०१४ ला येणार होता. २०२४ मध्ये जमा ७० कोटी डॉलरच्या पुढे गेली आणि गेम तेव्हाही अल्फात, म्हणजे बीटाच्याही आधीच्या कच्च्या अवस्थेत. तरी लोक तो खेळतात, आवडीने खेळतात, म्हणून त्याला थोतांड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तिथे गेममधली शेकडो डॉलरची जहाजं विकली जातात, आणि घेणारे तुझ्यासारखेच आधी सगळ्यात स्वस्त पॅकने सुरुवात करतात.

मला या पायरीची भीती जास्त वाटते. मी एकदा ६० डॉलर घातले होते, गेमचं नाव सांगत नाही. वर्षभराने एक नवं पात्र आलं, त्याचे २५. मग 'आता मागे हटायचं कसं' म्हणून आणखी ४०. टी-शर्ट आला. गेम यायचाय. तो टी-शर्ट तुझी काकू फरशीला वापरते.

तुझा मात्र एक प्रश्न अमेरिकेतल्या पोराला पडणारच नाही: सर्व्हर कुठे? सिंगापूरला असेल तर पुण्यातून बऱ्यापैकी खेळता येतं. फक्त अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या वर जाणार, आणि लढाईत तू मेल्यावर तुला कळणार की तू मेलास. शिवाय कार्डाचा फॉरेन मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क, आणि त्यावर जीएसटी. १२० चे १२० राहत नाहीत.

तुझ्या गेमची टीम मला आवडली, हे कबूल करतो. त्यांचा मागचा छोटा गेम त्यांनी पुरा करून दिलाय, आणि दर महिन्याला ते जे व्हिडिओ टाकतात त्यात तुटकं, अर्धवट कामही दाखवतात. म्हणून 'अजिबात नको' असं म्हणत नाही. सगळ्यात खालचा, २५ डॉलरचा पॅक घे, वर्गणी दिली असं समजून घे, आणि कार्ड साइटवर सेव्ह करू नकोस. त्याआधी त्यांना एक मेल टाक: आशियात सर्व्हर ठेवणार का, कुठे, आणि बीटापासून की नंतर? उत्तर आलं की मला फॉरवर्ड कर. आठवड्यात आलं नाही, तरी कळव.

तुझा,
काका