उबुंटूवर घरच्या डीव्हीडी एमपी४ मध्ये कशा आणाव्यात?

आपण विचारले आहे की, घरातील लग्न, मुंज आणि बारशाच्या दहा-बारा डीव्हीडी आपल्याकडे आहेत, संगणकावर उबुंटू आहे, आणि केवळ मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरून त्या एमपी४ मध्ये आणण्याचा योग्य मार्ग कोणता. माझे पहिले सांगणे असे की, रूपांतराची घाई करू नका. आधी प्रत्येक डिस्कची जशीच्या तशी आयएसओ प्रत, म्हणजे संपूर्ण डिस्क सामावणारी एकच फाइल, हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि पुढचे सर्व काम त्या प्रतीवरच करा.

यामागे कारण आहे. स्टुडिओवाल्याने दिलेली डीव्हीडी ही बाजारातल्या चित्रपटाच्या डिस्कसारखी कारखान्यात छापलेली नसते. तिच्यावरची माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात लेसरने लिहिलेली असते आणि उष्णतेने व प्रकाशाने तो थर हळूहळू खराब होतो. माझ्या बहिणीच्या २००६ मधील लग्नाची डिस्क मी थेट रूपांतरासाठी लावली, तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांपाशी ड्राइव्ह अडकून बसला. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे बाहेरच्या कडेला ओरखडे असले की नुकसान कार्यक्रमाच्या अखेरीचे होते. आमच्या बाबतीत ती पाठवणी होती, आणि तिच्यात आजी होती.

ती पाठवणी परत मिळाली ती जीएनयू डीडीरेस्क्यू या, खराब डिस्कवरची माहिती वाचवणाऱ्या प्रोग्रॅममुळे. उबुंटूच्या भांडारात या पॅकेजच्या नावाआधी आणखी एक ‘जी’ लागतो, म्हणजे ते ‘जीडीडीरेस्क्यू’ असे शोधावे. टर्मिनलमध्ये आज्ञा मात्र ‘डीडीरेस्क्यू’ अशीच द्यावी. तिला ड्राइव्हचे नाव, तयार करायच्या आयएसओ फाइलचे नाव आणि तिसरे एका नोंद-फाइलचे नाव द्यायचे असते. सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या एका लहान तुकड्याचा, आकार २०४८ बाइट आहे हे आपणच सांगावे लागते, कारण काही न सांगितल्यास तो ५१२ धरला जातो. हा प्रोग्रॅम चांगला भाग आधी उचलतो, खराब जागा मागे ठेवतो आणि त्यांच्याकडे नंतर पुन्हा वळतो. कोणते सेक्टर वाचले गेले आणि कोणते राहिले हे नोंद-फाइलमध्ये असल्यामुळे काम मध्येच थांबवता येते. त्याहून मोलाचे म्हणजे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून, तीच आयएसओ आणि तीच नोंद-फाइल देऊन, फक्त राहिलेले सेक्टर वाचून घेता येतात. मी शेजाऱ्यांचा जुना बाह्य ड्राइव्ह आणला आणि पहिल्या ड्राइव्हने सोडलेला बहुतेक भाग त्याने वाचला. डिस्कवर कागदी लेबल चिकटवलेले असेल तर ते सोलू नका. सोलताना डिस्कला इजा होऊ शकते.

आता रूपांतराकडे येऊ. त्यासाठी मी हँडब्रेक हे मुक्त स्रोत रूपांतर सॉफ्टवेअर सुचवतो. आयएसओमधील व्हिडिओ_टीएस या फोल्डरात चित्रण एकेक गिगाबाइटपर्यंतच्या व्हीओबी तुकड्यांत विभागलेले असते. हे तुकडे हाताने जोडल्यास वेळेच्या खुणा बिघडून आवाज आणि चित्र यांचा मेळ सुटू शकतो. हँडब्रेक सोबतच्या आयएफओ फाइली (तुकड्यांच्या क्रमाची माहिती देणाऱ्या) वाचून कार्यक्रमाची सलग मांडणी समजून घेते, म्हणून ही अडचण सहसा येत नाही.

सर्वाधिक लक्ष इंटरलेसिंगकडे द्या. भारतातील घरगुती डीव्हीडी साधारणपणे पाल पद्धतीच्या, म्हणजे ७२० बाय ५७६ आकाराच्या आणि सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेमच्या) असतात. परंतु त्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेली प्रत्येक चौकट वेगवेगळ्या क्षणी घेतलेल्या दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते; यालाच इंटरलेसिंग म्हणतात. हे तसेच ठेवले तर हलणाऱ्या हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. बहुतेक लोक साधे डीइंटरलेस (दोन अर्ध्या चित्रांची एकच चौकट करणे) निवडून २५ चौकटींवर थांबतात आणि निम्मी हालचाल कायमची गमावतात. त्याऐवजी फिल्टरमध्ये ‘बॉब’ हा, प्रत्येक अर्ध्या चित्राची वेगळी चौकट करणारा पर्याय निवडा आणि चौकटींचा वेग मूळ स्रोताप्रमाणे ठेवा, म्हणजे सेकंदाला ५० चौकटी मिळतील आणि वरातीतले नाचणे टीव्हीवर दिसत असे तसेच सहज दिसेल.

बाकीची निवड सोपी आहे: एक्स२६४ एन्कोडर (चित्रण दाबून लहान करणारा भाग) आणि आरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा, १८ ते २०. हा आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. चित्राचा आकार १०८० पर्यंत वाढवू नका, कारण त्याने नवा तपशील येत नाही. डीव्हीडीवरचे मूळ एमपेग-२ स्वरूपातले, आधीच दाबलेले चित्रण पुन्हा दाबले की दर्जा थोडा घटतोच, म्हणून एमपी४ ही नातेवाइकांना पाठवण्याची प्रत समजा आणि आयएसओ हा मूळ ठेवा म्हणून जपा. एकाच थराच्या साध्या डिस्कची आयएसओ जास्तीत जास्त ४.७ गिगाबाइट होते, तेव्हा दहा-बारा डिस्कसाठी ६० गिगाबाइट पुरतात; ती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि शक्य असल्यास त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी.

विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्कला हे उत्तर लागू नाही. त्यांवर बहुधा सीएसएस हे नक्कल रोखणारे कुलूप असते, आणि भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ अशा संरक्षणाशी संबंधित आहे. घरच्या चित्रणावर असे कुलूप नसते.

एखादी डिस्क संगणकाला कोरी दिसली तर ती रिकामी आहे असे मानून टाकून देऊ नका. डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा लहान डिस्क वापरणाऱ्या कॅमेऱ्यावर लिहिलेली डिस्क शेवटी ‘फायनलाइझ’ करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद करायची, राहून गेली की असे होते. ज्या यंत्रावर ती लिहिली गेली, ते घरात किंवा एखाद्या नातेवाइकाकडे अजून चालू स्थितीत असेल, तर आधी तिथे ती फायनलाइझ करा आणि मगच डीडीरेस्क्यूला द्या.